खान्देशातल्या घराला फरशी कोणती? टाइलच्या दराआधी खालची भर बघा

प्रश्न असा आहे. चोपडा तालुक्यातल्या गावात, काळ्या मातीच्या जागेवर, तळमजल्याचे घर. भिंती, स्लॅब आणि आतले प्लॅस्टर झाले आहे. जोत्यात भर टाकली आहे, कोबा बाकी आहे. हॉल १२ बाय १६, दोन खोल्या १० बाय १२, स्वयंपाकघर ८ बाय १२, मधला बोळ ४ बाय १२, पुढची ओसरी ६ बाय २०, न्हाणी-संडास मिळून ४४ चौरस फूट. घरात गुडघेदुखीचा त्रास असलेली आई आहे. दिवाळीच्या सुमारास एका खोलीत कापूस भरला जातो. मुलांना हॉलमध्ये आरशासारखी चकचकीत दोन बाय चारची टाइल हवी आहे, वडील म्हणतात सगळीकडे कोटाच टाका. बजेट बेताचे आहे.

उत्तर आधी, कारणे नंतर. हॉल, राहायची खोली, बोळ आणि स्वयंपाकघर (४५६ चौरस फूट) या सगळ्यात एकच फिक्या रंगाची, मॅट (बिनचमकीची) किंवा सॅटिन (मंद चमकेची), दोन बाय दोनची विट्रिफाइड टाइल टाका. कापसाची खोली आणि ओसरी (२४० चौरस फूट) कोटा. न्हाणी-संडासात एक बाय एकची अँटिस्किड, म्हणजे न घसरणारी. आणि टाइल निवडायला दुकानात जाण्याआधी भर तपासा, कारण तुमच्या जागेवर फरशी बिघडली तर ती टाइलमुळे बिघडण्याची शक्यता कमी आणि खालच्या मातीमुळे बिघडण्याची जास्त.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. घराखालची माती वेगळी वागत नाही. जोत्यात पाया खोदताना निघालेली काळी मातीच परत ढकलली असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत कोबा मध्ये फुगतो किंवा भिंतीकडे खचतो आणि वरची टाइल कितीही महागाची असली तरी तडकते. गवंडी म्हणतो टाइल खराब, दुकानदार म्हणतो गवंडी खराब, आणि दोष दोघांच्याही खाली दोन फुटांवर असतो.

म्हणून दोन ठिकाणी, एक भिंतीलगत आणि एक खोलीच्या मधोमध, दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या. मुरूम निघाला तर उत्तम. काळी, ओली केल्यावर चिकट गोळा होणारी माती निघाली तर ती काढाच, किमान वरची दोन फूट. मजुरीचा खर्च टोचतो, पण सगळी फरशी उखडण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका, प्रत्येक थर शिंपडून ओलसर करा आणि धुमसाने कुटा. इथे एक चूक सर्रास होते: भर ‘बसावी’ म्हणून जोत्यात पाणी तुंबवून ठेवतात. मुरमाड जागेवर ते चालून जाते. काळ्या मातीवर ते पाणी खाली झिरपून मूळ मातीला फुगवते, वर लगेच कोबा होतो, माती वाळून आकसते आणि कोबा अधांतरी राहतो. मुठीत दाबल्यावर मुरमाचा गोळा जेमतेम टिकेल एवढाच ओलावा पुरे.

कुटलेल्या मुरमावर डबराचे सोलिंग (दगडांचा थर), खाचांत बारीक मुरूम किंवा कच. त्यावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, सांध्यांवर सहा इंच चढवून. हा कागद ‘कशाला हवा’ म्हणून वगळला जातो, पण कापसाच्या खोलीत तरी तो सोडू नका. जमिनीची ओल वर चढली की खालच्या थरातला कापूस पिवळा पडतो. मग चार इंच काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी १:४:८ प्रमाणात. १०० चौरस फुटांना साधारण सव्वातीन गोणी सिमेंट, १६ घनफूट वाळू आणि ३१-३२ घनफूट खडी लागते. म्हणजे तुमच्या ७४० चौरस फुटांना २३-२४ गोण्या. कोबा भिंतीला घट्ट भिडवू नका. कडेने अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवा, म्हणजे भिंत आणि जमीन आपापली हलू शकतील. हॉलच्या १६ फुटांना मध्ये एक सांधा द्या. किमान सात दिवस पाणी मारा.

घराच्या बाहेरही थोडे काम आहे. भिंतीलगत चारी बाजूंनी तीन फूट रुंद फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि पन्हाळीचे पाणी थेट पायाशी पडू देऊ नका. भिंतीजवळची माती वर्षभर सारखीच कोरडी राहिली तर आतली फरशी शांत राहते. या फरसबंदीला शहाबादी उत्तम: खडबडीत, स्वस्त, फुटली तर एकच बदलता येते.

आता टाइल. आपल्याकडे येणारा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा, सुरत-धुळे मार्गाने. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत निवडीला तोटा नाही आणि गोंधळालाही नाही. दुकानात काही नावे वारंवार कानावर पडतील.

सिरॅमिक: मातीची, भाजलेली, वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप. पाणी शोषते, पण भिंतीला आणि न्हाणीच्या जमिनीला ठीक. हॉलसारख्या वर्दळीच्या ठिकाणी नको. विट्रिफाइड: जास्त तापमानात भाजून काचेसारखी घट्ट झालेली, पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत. हिच्यात पुन्हा दोन मुख्य जाती. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे झिजली तरी रंग जात नाही. डिझाइन मात्र साधी, ठिपक्यांची. जीव्हीटी (ग्लेझ्ड विट्रिफाइड टाइल) म्हणजे ग्लेझवर डिजिटल छपाई. लाकूड, संगमरवर, सिमेंट, हवे ते रूप मिळते, पण रंग वरच्या पातळ थरातच असतो. खाट ओढली, रेती पायाखाली घासली गेली की चकचकीत जीव्हीटीवर ओरखडा लगेच दिसतो, मॅटवर तो लपतो. घरगुती वापराला मॅट जीव्हीटी आणि डबल चार्ज दोन्ही चालतात. दोघांत डोळ्याला आवडेल ती घ्या.

चकचकीत का नको? आईचे गुडघे हे एक कारण. ओल्या पायाने स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणे रोजचे आहे आणि पॉलिश टाइलवर पाणी सांडलेले दिसतही नाही. दुसरे कारण बोअरचे जड पाणी. गडद, चकचकीत टाइलवर पोछा वाळला की पांढुरके फराटे उमटतात आणि ते दुसऱ्यांदा कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय जात नाहीत. तिसरे, वैशाखातली धूळ. काळी किंवा गडद तपकिरी जमीन दिवसातून तीनदा झाडली तरी मळकी दिसते. बेज, फिका राखाडी, हलका मातकट असे रंग धूळ पोटात घालतात. अगदी पांढराशुभ्रही नको, त्याच्यावर केसही दिसतो. मुलांची हौस मोडायची नसेल तर टीव्हीमागच्या भिंतीवर चकचकीत टाइल लावा. भिंतीवरून कोणी चालत नाही.

दोन बाय चार दिसायला छानच दिसते, सांधे कमी येतात. पण लांब टाइल जराशी धनुष्यासारखी वाकलेली असते, तिच्यासाठी कोबा अगदी सपाट लागतो, बसवायला चिकटद्रव्य आणि लेव्हलिंग क्लिपा लागतात, सरावलेला मिस्त्री लागतो, तुटफूट आठ-दहा टक्के धरावी लागते. काळ्या मातीवर जमीन जरा हलली तर छोटी टाइल सांध्यात सामावून घेते, मोठी मधोमध तडकते. या घराला दोन बाय दोनच योग्य.

मोजणीत एक गंमत आहे, ती आधीच समजून घ्या. ‘दोन फुटी’ टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटर असते, म्हणजे दोन फुटांहून जवळपास १० मिलिमीटर कमी. दहा फुटांची भिंत ३०४८ मिलिमीटर. पाच टाइल आणि चार सांधे (दोन-दोन मिलिमीटर) मिळून ३००८. दोन्ही बाजूंना भिंतीपाशी आठ-आठ मिलिमीटरची मोकळीक सोडली तरी इंचभर पट्टी उरतेच. बहुतेक मिस्त्री ती जिथे येईल तिथे येऊ देतात आणि ती नेमकी दारात येते. वाया न घालवता उपाय असा: दाराकडून अख्ख्या टाइलने सुरुवात करा आणि ती पट्टी खाट किंवा कपाट येणाऱ्या भिंतीकडे ढकला. निम्मी-अर्धी स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावतात त्या टाइलच्या पट्टीखाली) जाते, उरलेली कपाटामागे. एका टाइलमधून अशा वीसएक पट्ट्या निघतात, त्यामुळे खर्चही नगण्य. दोन्ही बाजूंना समान कापीव तुकडे घेणे जास्त देखणे, पण दहा फुटांच्या खोलीत त्यासाठी ३१ सेंटीमीटरचे तुकडे लागतात, एका टाइलमधून असा एकच निघतो आणि टाइल्स बऱ्याच वाढतात. तुमचा चार फुटी बोळ मात्र दोन टाइलमध्ये तंतोतंत बसतो. सगळी मापे प्लॅस्टरनंतर, प्रत्येक भिंत तीन ठिकाणी टेप लावून घ्या; नकाशातली मापे धरू नका.

नग किती? दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल, साडेपंधरा चौरस फूट. ४५६ मध्ये पाच टक्के तुटफूट मिळवली की ४७९, म्हणजे ३१ खोकी. स्कर्टिंग चार इंची: दारे आणि ओट्याची बाजू वगळून साधारण १४० फूट धावती लांबी येते. एका टाइलमधून दहा फूट निघते, म्हणून १४ टाइल, चार खोकी. एक खोके शिल्लक ठेवायला. एकूण ३६. नऊ मिलिमीटर जाडीचे खोके २८ ते ३० किलो भरते, म्हणजे माल टनभर. छोट्या पिकअपची एक खेप. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या. बॅच आणि शेड खोक्यावर छापलेली असते, उतरवताना प्रत्येक खोके वाचा. दुसऱ्या बॅचची पाच खोकी मिसळली तर फरक दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही, दुपारच्या उन्हात हॉलमध्ये दिसतो.

स्वस्त लॉटचा माल वाईटच असतो असे नाही, पण तपासून घ्यावा. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरा. मधोमध किंवा कोपऱ्यात फट दिसली तर ती वाकलेली आहे. चार टाइल जमिनीवर जुळवून कोपरे एकत्र आणा, मापात फरक असेल तर सांधा पुढे पुढे रुंद होत जातो. मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका; चटकन जिरला तर ती विट्रिफाइड नाही, दुकानदार काहीही म्हणो. मॅट टाइलवर हळद कालवलेले तेल लावून तासाभराने साबणाने पुसा. शेवभाजीची तर्री सांडणाऱ्या घराला ही परीक्षा सगळ्यात खरी.

कोट्याबद्दल वडिलांचे म्हणणे निम्मे बरोबर. राजस्थानातल्या कोट्याचा हा चुनखडीचा दगड दणकट आहे. मसाला कुटताना खलबत्ता आदळला, पाटा ओढला, कापसाची गाठोडी घसटली तरी तो तक्रार करत नाही. ‘गार राहतो’ हेही खरे, पण तळमजल्यावर तो गारवा मुख्यतः खालच्या जमिनीचा असतो. विट्रिफाइडही तिथे उन्हाळ्यात गारच लागते. आणि उघड्यावर, अंगणात किंवा गच्चीवर, मेच्या दुपारी कोट्यावर अनवाणी उभे राहून दाखवावे!

कोटा स्वस्त आहे हा समज मात्र हिशेब मांडून तपासा. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले दर त्या जागी घाला. समजा टाइल ४५ रुपये चौरस फूट, तुटफूट ३, बसवण्याचा सिमेंट-वाळूचा माल १८, मजुरी २५, ग्राउट (सांधे भरायचे मिश्रण) २: एकूण ९३. कोटा ३५, तुटफूट २, माल १८, मजुरी २५, मशिनचे पॉलिश २०: एकूण १००. दगड दहा रुपयांनी स्वस्त आणि फरशी सात रुपयांनी महाग. म्हणून नुसता दुकानातला दर धरून तुलना करू नका. ओसरीला आणि कापसाच्या खोलीला आरशासारखे पॉलिश नकोच. तिथे एक-दोन हात घासून सपाट केलेला कोटा पुरतो आणि तो तिथे खरोखर स्वस्त पडतो.

कोट्याला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडले की चमक उडून फिका डाग राहतो. संडास धुवायचे ॲसिड पडले तर दगड फसफसतो. केळीचा चीकही तपकिरी डाग सोडतो, त्यामुळे बागेतले घड ओसरीत थेट दगडावर टेकवू नका. आणि पॉलिशचा राडा रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी उरकून घ्या. तो चिखल न्हाणीच्या जाळीत कधीही सोडू नका, तो पाइपात सिमेंटसारखा बसतो.

बसवण्याचे काम. नेहमीची पद्धत म्हणजे दीड इंचाचा कोरडसर १:६ सिमेंट-वाळूचा माल, त्यावर सिमेंटची स्लरी (पातळ कालवलेले सिमेंट), वर टाइल. १०० चौरस फुटांना मालासाठी दोन आणि स्लरीसाठी अर्धी अशी अडीच गोणी सिमेंट आणि १४ घनफूट वाळू लागते. वाळूत माती असेल तर चाळून भागत नाही, धुवावी लागते. कोट्याला ही पद्धत अगदी योग्य, कारण दगड स्लरी धरतो. विट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणून नुसती स्लरी तिला नीट धरत नाही. पाच जागी सिमेंटचे गोळे ठेवून टाइल दाबणारा मिस्त्री दिसला तर काम थांबवा; कोपरे पोकळ राहतात आणि कपाटाचा पाय किंवा गॅस सिलिंडर नेमका तिथेच येतो. कोबा सपाट झाला असेल तर चिकटद्रव्य वापरा. २० किलोची गोणी तीन मिलिमीटरच्या थराला साधारण ५० चौरस फूट पुरते. महाग वाटते, पण दीड इंचाचा माल वाचतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडाच पडतो. मात्र हे आधी ठरवा, कारण माल टाकायचा की नाही यावर कोब्याची उंची, दाराच्या फळ्या आणि उंबरा अवलंबून आहे. कोटा वीस-पंचवीस मिलिमीटर जाड आणि मालावर, टाइल नऊ मिलिमीटर आणि चिकटद्रव्यावर. कापसाच्या खोलीतला कोबा त्या हिशेबाने दोन इंच खाली ठेवला नाही तर दारात पायरी तयार होते.

‘सांधा दिसू नये’ म्हणून टाइल टाइलला चिकटवून लावण्याचा आग्रह धरू नका. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पलीकडे जाणारा पारा थंडीच्या रात्री बराच उतरतो. टाइल आणि कोबा सारखे प्रसरण पावत नाहीत, फट नसली की एक दिवस चार टाइल तंबूसारख्या वर उचलतात. दोन मिलिमीटरचे स्पेसर आणि भिंतीकडची आठ मिलिमीटर मोकळी जागा, जी स्कर्टिंग झाकते, एवढ्याने हे टळते. ती जागा मालाने भरू नका. ग्राउट लावायला किमान एक दिवस थांबा. स्वयंपाकघर आणि न्हाणीत इपॉक्सी ग्राउट घ्या, साध्या ग्राउटमध्ये हळद मुरते.

न्हाणीची जमीन बाहेरच्यापेक्षा इंचभर खाली ठेवा, उतार जाळीकडे पाच फुटांना एक इंच. टाइल लहान घ्यायचे कारण हेच. दोन फुटी टाइलला चारी बाजूंनी उतार देता येत नाही. अँटिस्किड म्हणताना आर-१० किंवा वरचा दर्जा विचारा. खडबडीत म्हणून फार खोल नक्षीची घेऊ नका, जड पाण्याचा क्षार खाचांत साचतो. दारात कोट्याचा किंवा ग्रॅनाइटचा उंबरा.

लाकडी लॅमिनेटचा विचार करू नका. उधई आणि बादलीने जमीन धुण्याची सवय, दोन्ही त्याच्या मुळावर येतात. संगमरवर या बजेटला परवडत नाही आणि हळदीला टिकत नाही.

मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी आठवडाभर थांबा, मग नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल चारी कोपऱ्यांवर आणि मधोमध ठोकून ऐका. भद्द आवाज आला त्या टाइलवर खडूने फुली मारा. मध्ये तळहाताएवढी पोकळी असेल तर चालते, पण कोपरा पोकळ असेल तर टाइल बदलून घ्या, रंगारी आत येण्याआधी. उरलेले खोके उभे ठेवा, आडवे रचू नका. खोक्यावरची बॅचची चिठ्ठी फाडून वीज मीटरच्या कागदांबरोबर ठेवून द्या.